पूजेला मांडलेला पाना

जुना जालना,
ता. १० ऑक्टोबर १९५७

ती. सौ. उमाताईस,
केशवचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचा खोकला उतरला आहे, पण काढा घेताना अजून लहान मुलासारखं तोंड करते. नीलानं दिवाळीचं दळण आतापासूनच काढलं आहे, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नाही. तुझी नेहमीची खिडकीजवळची खुर्चीसुद्धा तिनं डब्यांना दिली. ती म्हणाली, उमावन्सं आल्या की रिकामी करीन. आत्याबाईंना माझा नमस्कार सांग. पुण्यात थंडी लवकर पडते म्हणतात, तेव्हा गुडघ्याला गरम कपडा बांधत जा. तू शिकवतेस त्या शाळेत जिने किती आहेत ते तू कधी लिहीत नाहीस.

तुझं पत्र घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. उत्तराला पंधरा दिवस लागले. तू म्हणशील, केशव आळशी आहे. आळशी आहेच, पण या वेळी ते कारण नाही. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

तू मागितलेला कागद मी लिहून देऊ शकत नाही.

तुझे वकील म्हणतात त्यात चूक काही नाही. वेगळं राहण्याचा दावा लावायचा, तर नवऱ्याच्या बेफिकिरीनं बायकोचा जीव धोक्यात आला हे दाखवावं लागणार. साक्षीला सख्खा भाऊ, त्यातून मोटारीचा मिस्त्री. 'मोटार निर्दोष होती, अपघात केवळ चालवणाऱ्याच्या हातून झाला' एवढ्या दोन ओळी आणि खाली माझी सही. तू अगदी सोपं करून लिहिलं आहेस. पण त्या दोन ओळींतली पहिलीच ओळ खोटी आहे.

आता सांगतोच. नीट वाच, मध्येच पत्र ठेवू नकोस.

दाजींनी ती दोन माणसांची उघडी मोटार घेतली तेव्हा सगळ्यात जास्त मी नाचलो होतो, हे तुला आठवत असेल. निजामाचं राज्य गेलं, तिचा मालक असलेला इथला साहेब हैदराबादला निघाला आणि वीस वर्षं जुनी शर्यतीची मोटार अंबडच्या वकिलाच्या दारात आली. तू तिला सवत म्हणायचीस. तिचं स्टेअरिंगचं चाक मात्र पार गेलं होतं, तडे पडलेलं, हाताला काळं लागणारं. मुंबईहून नवं चाक मागवा म्हणून मीच दाजींच्या मागे लागलो. हौस त्यांची खरी, पण तिला हवा घातली मी. लाकडी कडेचं, तीन चकचकीत पट्ट्यांचं ते चाक पार्सलानं आलं तेव्हा मी ते दोन दिवस घरातच ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो.

जुन्या मोटारीला परकं चाक सहजासहजी बसत नाही. चाक आणि खालचा दांडा जोडणारा मधला तुकडा मी खरादावर स्वतः उतरवला, चार वेळा घासला. मग चाक दांड्याच्या दात्यांवर बसवायचं आणि वरून नट घालायचा. हा नट आधी हातानंच लावतात. कारण मोटार रस्त्यावर सरळ चालवून बघायची असते. ती सरळ आणि चाक वाकडं दिसलं, तर नट काढून चाक एक दाता सरकवायचं. सगळं जमलं की मग मोठ्या बॉक्स पान्याला पाइप लावून, अंगातला सगळा जोर टाकून नट आवळायचा. त्यावर टोपी बसते, आतलं कुणाला दिसत नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी मी नट हातानं लावून ठेवला. म्हटलं, उद्या सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी आंघोळ करून आलो तो आईनं आणि नीलानं दुकानातली झाडून सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, मोठ्या पान्यावर झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे आपल्याकडे तुला सांगायला नको. माझंही काही अडलं नव्हतं. दाजी मोटार दसऱ्यानंतर नेणार होते.

पण दसऱ्याला दुपारी जेवून उठल्यावर ते म्हणाले, "उमाला नव्या चाकाच्या मोटारीतून अंबडला नेतो. देवीचं दर्शन करू, मंग घरी सोनं वाटू." तू आत साडी बदलत होतीस. मी मोटार स्टेशनापर्यंत फिरवून आणली. चाक एकदम सरळ बसलं होतं. फक्त नट आवळायचा राहिला होता.

मी पाटाकडे बघितलं. आई तिथंच वाती वळत बसली होती. मी टोपी काढली, फडकं गुंडाळून हातानंच जितका आवळता येईल तितका नट आवळला आणि टोपी लावून टाकली.

दाजींनी विचारलं, "बराबर बसलं ना, केशवराव?"

मी म्हणालो, "बिलकुल फिट. डोळे झाकून न्या."

पहिल्या पत्रात मी एवढंच लिहिलं होतं आणि दोष खंडेनवमीवर टाकून मोकळा झालो होतो. म्हणून ते फाडलं. खरं तर मी असा कोण मोठा देवभोळा? पूजेतला पाना हात जोडून उचलला असता तर आईनं चार शब्द सुनावले असते, एवढंच. आणि तेही नको होतं, तर समोरच्या गल्लीत करीम मिस्त्रींचं दुकान उघडं होतं. त्यांचे पाने काही पाटावर नव्हते. पाच मिनिटांचं काम. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांच्याशीच भांडून मी वेगळं दुकान मांडलं होतं, आणि 'उस्ताद, जरा पाना द्या' म्हणायला माझी जीभ वळेना. सणाच्या दिवशी कशाला तोंड दाखवा, सात कोसांचा तर रस्ता, जाईल मोटार. असा विचार मी केला, ताई. तुला त्या मोटारीत बसवताना केला.

पुढचं तुला माहीत आहे. खरं म्हणजे अर्धंच माहीत आहे. वळणावर तू मांडीवरची आपट्याची पानं सांभाळत खाली बघत होतीस, असं तूच सांगितलं होतंस. तेवढ्यात मोटार बाभळीवर गेली. शेजारच्या मळ्यातल्या रखमाजी पाटलांनी तुला बैलगाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात आणलं. दाजी पायी गाडीमागे. दुसऱ्या दिवशी मी बैल लावून मोटार ओढून आणायला गेलो, तेव्हा चाक दांड्यावर नव्हतंच. बाजूला गवतात पडलं होतं.

मी ते पोत्यात घातलं. कुणाला दाखवलं नाही.

आणि आता ते सांगतो, जे तिसऱ्या पत्रातही लिहवलं नाही. दवाखान्यात आठव्या दिवशी तू मला विचारलंस, "केशव, मोटारीत काही बिघाड होता का रे?" मी तुझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणालो, "छे! मोटार ठणठणीत होती. दाजी जोरात नेत होते." तुझा दोन वर्षांचा राग माझ्या त्या एका वाक्यावर उभा आहे. तू दाजींना विचारलंस, तर ते "वेग जास्त होता, माझं चुकलं" म्हणाले. मला वाटलं, सुटलो. त्यांना काही कळलेलंच नाही, असं मी धरून चाललो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला दोन वर्षं खवखवत होतं, पण तोंड उघडलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी अंबडला गेलो. दाजी कोर्टातून आले होते. खूप वाळले आहेत. स्वयंपाक स्वतःच करतात, पोळ्यांचे नकाशे होतात. मी पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. ते पिठाचे हात तसेच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो केशवराव, चाक माझ्याच हातात आल्तं. हातात आलेलं चाक मला दिसलं न्हाई व्हय?"

मला एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत सुचली नव्हती. चाक ज्याच्या हातात निखळून आलं, त्याला सगळ्यांच्या आधी कळणार.

मी विचारलं, मग ताईला का नाही सांगितलं?

ते म्हणाले, "पाय प्लास्टरमध्ये घालून ती पाच महिने तुमच्याच घरी निजून व्हती. तुम्ही उचलून बसवणार, तुमची आई भरवणार. तिथं तिला सांगू, की हे तुझ्या भावानं केलंय? उठून जायला तिला पाय तरी व्हता का? नवऱ्यावर रागावली तर माहेर असतं. माहेरावरच रागावली तर तिनं जायचं कुठं? मंग ती पुण्याला गेली, अन् मला वाटलं, आता सांगितलं तर ती म्हणंल, स्वतःला सोडवायला माझ्या भावावर ढकलतो. अन् वेग जास्त व्हताच की. तेवढं माझं खरं हाय."

मग त्यांनी मला शपथ घातली, की उमाला हे लिहायचं नाही. दाव्याचं कळल्यावर म्हणाले, "लावू द्या दावा. मी विरोध करणार न्हाई. तिला मोकळं व्हायचं असंल तर व्हऊ द्या."

ताई, ती शपथ मी मोडतो आहे. आणखी एक पाप होईल तर होऊ दे.

सोबत एक कागद जोडला आहे. तू मागितलास तो नव्हे. मोटार निर्दोष नव्हती, चाकाचा नट मी आवळला नव्हता आणि हे लपवून मी बहिणीशी खोटं बोललो, असं माझ्या सहीनं लिहिलं आहे. साक्षीदार म्हणून करीम उस्तादांची सही घेतली. त्यांच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी सही केली. मग म्हणाले, "बेटा, पाना मांगने में क्या जाता था?" हा कागद तुझ्या वकिलांना दे, नाहीतर ठेव. गावात कळलं आणि दुकान बंद पडलं तरी चालेल. आईला उद्या सकाळी मी स्वतः सांगणार आहे. हत्यारं तिनं मांडली होती, तेव्हा ती स्वतःला बोल लावील. तिला समजावणं हेही माझंच काम.

गेल्या भाऊबीजेला मी पुण्याला आलो, तू दुखऱ्या गुडघ्यानं उभी राहून मला ओवाळलंस, आणि मी ओवाळून घेतलं. या वर्षी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन, आणि नाही बोलावलंस तर का, हे विचारणार नाही.

दाजींना दोन ओळी लिही. माझ्यासाठी नको लिहूस, ते गेली दोन वर्षं पोस्टमनची वाट बघत नाहीत असं दाखवतात म्हणून लिही. तुला माहेर उरलं की नाही, हे तू ठरव. पण सासर कधी तुटलंच नव्हतं, ते मी तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. ते आज तुला परत करतो.

तुझ्याकडून ओवाळून घ्यायला लायक नसलेला,
केशव