शंभर रुपयांचा बिबडा

८ जानेवारी
आज सातवीला मागणी-पुरवठा शिकवला. कांदा, कापूस, मोबाइलचं कव्हर — सगळी उदाहरणं झाली. योगराजने नेहमीप्रमाणे वर्ग डोक्यावर घेतला. भूमिका मात्र गप्प. आषाढात तिची आई, पुष्पाबाई, गेली. तेव्हापासून ही पोर शाळेत एक शब्द बोललेली नाही. मान हलवते, वहीत लिहिते, बस्स. मला तिच्या तोंडून एक पूर्ण वाक्य ऐकायचंय. याच महिन्यात! हट्ट तर हट्ट.

१३ जानेवारी
शनिवारी आनंद मेळावा. पुस्तकातला बाजार मैदानात! प्रत्येकाने घरून काहीतरी विकायला आणायचं, किंमत स्वतः ठरवायची, पाटीवर लिहायची. सबबी चालणार नाहीत, हे खास भूमिकाकडे बघून सांगितलं. गिऱ्हाइकाशी तरी बोलावंच लागेल की!

१७ जानेवारी
काय गर्दी! योगराजचं भरीत तासाभरात फस्त. भूमिकाने ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या पापडांचा, डबा आणला होता आणि पाटीवर किंमत — शंभर रुपयांना एक! पोरं खो खो हसली. डबा भरलेलाच. मी गेले, सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हटलं, गिऱ्हाईक नसेल तर किंमत उतरवायची, बाजार असाच चालतो. भूमिका मान हलवत राहिली — नाही, नाही. मी लाडाने तिची पाटी घेतली आणि एक शून्य पुसून टाकलं. दहा! पंधरा मिनिटांत डबा रिकामा. शेवटचे चार मीच घेतले. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्या डोळ्यांत पाणी. मलाही भरून आलं.

संध्याकाळी खिचडीबरोबर तळले. असे बिबडे कित्येक वर्षांत खाल्ले नव्हते.

१९ जानेवारी
भूमिका आली नाही. दमली असेल.

२० जानेवारी
तिची काकू भागाबाई शाळेत आली होती. भांडायला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

“मॅडम, त्या बिबडा तिनी मायना हातना व्हतात. चैतमा करेल. घरमा दुसरं काय नव्हतं, मीच सांगं, तोच डबा लई जाय. पोर म्हणे, शंभर लिखसू, कोनी लेवाव नही.”

बिबडे ओल्या हाताने कापडावर थापतात. बोटं उमटतात, बिबडा वाळला की ठसे तसेच राहतात. भूमिका रोज डबा उघडायची, म्हणे, आणि आईच्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघायची.

आणि मी ते शून्य पुसलं! वीस वर्षं झाली शिकवतेय. एकदा विचारता नाही आलं मला, बाई गं, शंभर का? शंभर लिहिलं की कोणी घेणार नाही, म्हणून. विकायचेच नव्हते तिला. अख्ख्या मैदानात किंमत फक्त तिलाच कळली होती.

मधल्या सुट्टीत प्रत्येकाला विचारलं, एखादा उरलाय का. कोणी तळले, कोणी भाजले. एकाकडेही नाही. मी तर चार खाल्ले, चार!

२१ जानेवारी
भूमिका आली. प्रार्थनेनंतर सरळ माझ्या टेबलापाशी. बोलली!

“मॅडम, तुम्ही घेतलेल्यातला एखादा उरेल शे का?”

मी नाही म्हणाले. ती “बरं” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.