मानाची शाल

मंगळवार, संध्याकाळ. आचोळे.

शाल अजून पिशवीतच आहे. बाहेर काढवत नाही.

दवाखान्याच्या समितीवर आलेली पहिली वारली बाई म्हणून आज माझा सत्कार केला. टाळ्या वाजल्या. मग मी एकच मागणं मांडलं. आमच्या पाड्यांवरच्या बायका बाळंतपणाला इथे यायला घाबरतात, तर प्रसूतिगृहात त्यांच्या घरची एक बाई सोबत असू द्या. साहेब म्हणाले, "बघू पुढच्या बैठकीत." चहा आला. संपलं! मग मला घेतलंय कशाला, फोटोला?

खाली आले तर प्रसूतिगृहाच्या दाराशी एक म्हातारी उभी. आत तिची लेक "आये, आये" ओरडत होती. म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाय, तू तं आपलीच ना? मला आत ने." मी सिस्टरला विनवलं. नाही म्हणजे नाही.

दुसरं काय करणार होते? फरशीवर शाल अंथरली, म्हटलं, बस मावशी. ती बसली नाही. तिने शाल उचलली, झटकली, नीट घडी करून माझ्या हातात दिली. "मळंल बाय. मानाची हाय."

आणि स्वतः गार फरशीवर बसली, दाराला कान लावून.