ताईचे दात बाबांवर गेले

माय, मंगळवारी माझे समोरचे दोन दात काढले. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला, हाड कुठवर झिजलंय ते बोटाने दाखवलं आणि विचारलं, "माँ को भी था क्या मॅडम?" मी हो म्हणाले. तू चाळिशीतच वरणभात कुस्करून गिळायचीस, लग्नाकार्यात तोंडावर पदर धरूनच हसायचीस, हे त्यांना सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, दातांवर घाण सगळ्यांच्याच साचते, पण काहींच्या हिरड्या तिच्यामुळे फार चिडतात आणि दात सोडून देतात. हे पुष्कळदा रक्तातूनच येतं. घासण्यात कसूर झाली म्हणूनच होतं, असं नाही.

ऐकून मला रडू आलं, आणि ते दातांसाठी नव्हतं. तुला ती स्वयंपाकघरातली सकाळ आठवते? मी अकरावीत आहे. ताई चुलीपाशी बसून दातांनीच ऊस सोलतेय. मी पेरूला चावा घेते तर पांढऱ्या गरावर रक्त. तू बघतेस. "दात घासून नाई राहिली काय व? लाज नाई वाटत तुले?" घासले होते माय, निंबाच्या काडीने, रोजच्यासारखे. ताईने घासले नव्हते, आणि तिच्याकडे बघून तू कौतुकाने म्हणालीस, "इचे दात बापावर गेले, लोखंड हायेत." तुझे स्वतःचे हलत होते. तरी एकदाही म्हणाली नाहीस की पोरी, हे माझंच तुझ्यात आलंय. त्यानंतर मी दिवसातून तीनदा घासत आले, आणि इतकी वर्षं स्वतःला घाणेरडी समजत आले.

ताई देवरीला असते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते, दातांनी सुपारी फोडते, ब्रश केला तर केला. बत्तीसच्या बत्तीस जागेवर. माझ्या पोटात दुखतं, सरळच सांगते. तिच्या घराचं, शेतीचं कधी काही वाटलं नाही, पण ती तोंड उघडून खदखदा हसली की मी जळते. माझ्याकडे आता पगार आहे, म्हणजे चणे आहेत तर दात नाहीत.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बहीणभावांना सांगा, त्यांच्या मुलांना लवकर दाखवा. आजीचं नातीत उतरू शकतं, आणि वेळेत सापडलं तर दात वाचतात. परवा ताईचाच फोन आला. "अवं, पोरीच्या हिरड्यांतून रगत येऊन राहिलं. कायले येत असन?" पोर चौदा वर्षांची. मी म्हणाले, "ब्रश कडक असन, बदलव." "हो, तेच असन," म्हणून ती हसली.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, माय. एकदाचं ताईच्याही घरात रक्त दिसलं म्हणून. नंतर मात्र ताट तसंच ठेवून उठले.

आज तिसरा दिवस. ताईचा नंबर मला पाठ आहे, आणि मी तुला लिहीत बसलेय.