आग्नेय कोपऱ्यातलं धुराडं

अप्पा, तुमच्या थोरल्या चिरंजीवांविरुद्ध तक्रार आहे, ती गंभीरपणे ऐकून घ्यावी. माझं सोवळ्याचं धोतर काळं ठिपकेदार झालं आहे. कोणी शिवू नये म्हणून मी ते काठीनं उंच दांडीवर वाळत घालतो. घरातली माणसं शिवत नाहीत, शेजारी शिवत नाहीत, काजळी मात्र खुशाल शिवते. तिला प्रायश्चित्त काय द्यायचं, ते पाठशाळेत कोणी शिकवलं नव्हतं. अण्णाला तुम्ही भट्टी दिलीत आणि मला संस्कृत. त्यातली भट्टी अजून चालते. तक्रार करायचा खरा हक्क माडीवर खोकत पडलेल्या तुमच्या धाकट्या सुनेचा, माझ्या बायकोचा आहे, पण ती करत नाही, म्हणून मी धोतरापासून सुरुवात केली.

जुन्या हुबळीतली आपली ती चुरमुऱ्यांची भट्टी आता तुम्हाला ओळखू यायची नाही. तुमच्या वेळी भाताचा तूस जळायचा. मला एक सकाळ आठवते. कढईतली वाळू तापली आहे, तांदूळ फुलताहेत, आणि एक गडी सहज आपली तुटकी रबरी चप्पल जाळात टाकतो. तुम्ही उठता, चिमट्यानं ती बाहेर ओढता आणि तो सबंध घाणा उकिरड्यावर ओतायला लावता. "लोकांच्या पोरांच्या तोंडात जायचंय ते," एवढंच म्हणता. आज अण्णा टायर जाळतो. चिरलेल्या टायरांची लॉरीच येते. चुरमुरे मात्र पांढरेशुभ्र, आणि पिशवीवर लक्ष्मी. तिला बिचारीला कोण विचारतो!

गल्लीनं ओरड केली तेव्हा एक साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी भट्टी पाहिली, मग रुमाल काढून आपल्याच चुरमुऱ्यांचं गिरमीट खाल्लं आणि निकाल दिला: धुराडं उंच करा. म्हणजे धूर कमी करायचा नाही, फक्त साहेबांच्या नाकावरून पलीकडे न्यायचा. अण्णाला हे इतकं पटलं, की त्यानं लगेच वास्तुवाल्याला बोलावलं. त्या महापुरुषानं होकायंत्र तळहातावर धरून अंगणात चार गिरक्या घेतल्या आणि आग्नेय कोपऱ्यात पाय रोवला. बरोब्बर आमच्या माडीच्या खिडकीखाली. छातीला मोकळी हवा हवी असं डॉक्टर म्हणाले, म्हणून नुकतंच तुमच्या सुनेचं अंथरूण आम्ही तिथे हलवलं होतं.

"अण्णा, वर ती झोपते," मी म्हणालो.

"अरे, अग्नीची दिशाच ती. तू एवढा शास्त्र शिकलेला, तुला मी सांगायचं?"

"शास्त्रात टायर नाहीत."

"होगली बिडो, जाऊ दे रे. खिडकी लावून घ्या की."

नारळ फुटला, धुराड्याला हळदकुंकू लागलं, आणि वहिनींनी प्रसाद वर आणून दिला. इतक्या भक्तिभावानं स्वतःच्या घरात विष सोडणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. खिडकी बंद केली तरी फटीतून काळं येतंच. तुमच्या सुनेनं प्रसाद तोंडात टाकला आणि म्हणाली, "भावजींनी उंची बरी राखली हो. आता स्वर्गात मामंजींनाही वास पोचत असेल." ती स्वतःच हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. मग ती बराच वेळ गज धरून उभी होती.

धुरापासून लांब, सप्तापुरात एखादी खोली बघू म्हटलं, तर ऐकत नाही. "माझ्या नावावर दोघे भाऊ वेगळे झाले असं नको," म्हणते. आणि मी, इतका तोंडाळ, अण्णाला त्या दिवसानंतर धुराबद्दल एक शब्द बोललेलो नाही. समोर आला की "जेवण झालं का?" विचारतो आणि वर येऊन त्याची टिंगल तुम्हाला लिहितो. हे कुठे धाडायचं नाही, म्हणून तर लिहिता येतं.

हल्ली जिना चढताना ती मध्येच थांबते, पदर नीट करायचं निमित्त करते. मी खाली उभा राहून काहीतरी थट्टा करतो, म्हणजे तिला दम घ्यायला वेळ मिळतो. काल तिनं उलट उत्तर दिलं नाही. नुसता हात वर केला, थांबा म्हणून. अप्पा, ती जाईल, आणि मी तोवर थट्टाच करत असेन, याची मला भीती वाटते.