बेसनाला दोन रेघा

माय, आज लोधीखेड्याच्या किराणा दुकानात एक बाई लिटरची बाटली घेऊन आली न् किलोभर तेल दे म्हणाली. (हो, दुकानात टिकलोय, महिना होईल. तू असतीस तर हसली असतीस.) मी म्हटलं, "मावशी, मोठी बाटली आणा, यात किलो मावत नाही." ती म्हणे, "काहून बे, लिटर म्हंजे किलोच ना?" आणि मला तू दिसलीस, पदर खोचलेली, हातात झारा.

ताईचं लग्न, सावरगावला मांडव. बुंदी मीच पाडीन म्हणून तू सगळ्यांशी भांडलेली, आणि तराजू मात्र सौंसरला घरीच राहिलेला. तो आणायला मला पाठवलंस, मी रिकाम्या हातानं परतलो. "सापडला नाही," म्हटलं. तुझा हिशेब ठरलेला होता, किलो बेसनाला लिटर पाणी. मी म्हटलं, तराजू कशाले, शाळेत सांगतलं आहे, लिटर म्हंजे किलो. दुधाचं लिटरचं माप घेतलं, पाच मापं बेसन, पाच मापं पाणी. झाऱ्यातून पीठ पडून राहिलं, पण कढईत नुसत्या चपट्या टिकल्या. काकू म्हणते, "वाढा हेच वरातीले, नवरीच्या भावाची बुंदी!" ताई आपल्याकडच्या रिवाजाची नवरीची पांढरी साडी नेसून दारात उभी, डोळे भरलेले. वरात यायला दोन तास.

तू ओरडली नाहीस. "पान्याचं खरं हाय, पोरा. बेसन का पानी हाय?" एवढंच म्हणालीस. मग एक काठी मधोमध सुतळीनं टांगलीस, दोन टोकांना दोन सारख्या डोलच्या. एकीत मापभर पाणी, तेच तुझं किलोचं वजन. दुसरीत बेसन. एक माप पडलं, काठी तशीच वाकडी. दुसरं रिकामं झालं तेव्हा कुठं सरळ झाली. म्हणजे मी निम्मंच बेसन घातलं होतं. आणखी पाच मापं पडली आणि बुंदी गोल गोल उतरली. वरातही उशिराच आली. ताई दोनदा बुंदी मागून जेवली.

पाहुणे गेल्यावर तू साखर, तेल, एकेक जिन्नस त्या काठीला टांगून पाहिलास आणि किलोला किती मापं लागतात त्याच्या खुणा मापावर खिळ्यानं केल्यास. बेसनाला दोन रेघा, साखरेला एक लांब, एक आखूड, तेलाला एक रेघ आणि ठिपका. "घे, तुले ठेव. कोठंही भटक, पन लिटर-किलोत फसू नको." ते माप माझ्यासोबत कापसाच्या जिनिंगवर फिरलं, संत्र्याच्या ट्रकवर फिरलं. त्यातून चहाही प्यालो. तू जाऊन सात वर्षं झाली, रेघा अजून बोटाला लागतात. आज मावशीला तेलाची रेघ आणि ठिपका दाखवला, तिला पटलं, मोठी बाटली आणायला गेली. मजेत आहे मी.

हा कागद घडी करून त्याच मापात ठेवतो, टाकणार कुठं? फक्त एक सांगायचं राहिलं. तराजू सापडला होता, माय. बसमध्ये माझ्या शेजारीच होता. वाटेत माकडाचा खेळ पाहायला उतरलो आणि बस तराजू घेऊन निघून गेली. तू नंतर कित्येक दिवस पलंगाखाली वाकून शोधून राहिली होतीस. कंदील मीच धरला होता.