पेन काढून ठेवा

एर्नाकुलम, ता. ९ जुलै १९९७

ती. थ्रेस्या पेरम्मास,
सिजीचा सा. न. आणि ख्रिस्ताची स्तुती.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हॉस्टेलातून मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. लिंबाचं लोणचं पोचलं. माझ्या खोलीतली बिनी आणि मी, दोघींनी तीन दिवसांत बाटली चाटूनपुसून ठेवली. आई म्हणते तसं, तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे तुझ्या, हाताला चव आहे खरी.

वॉर्ड कसा आहे म्हणून विचारलंस. चांगला नाही. आमच्या इनचार्ज एलिक्कुट्टी सिस्टर रोज सकाळी सातला आम्हा नव्या मुलींना रिपोर्ट देतात. त्याआधी प्रत्येकीनं खिशातलं पेन काढून ट्रेमध्ये ठेवायचं. मग त्या पुढे चालत बत्तीस पेशंटचं एका दमात सांगत जातात आणि आम्ही मागून ऐकायचं. लिहायचं नाही, परत विचारायचं नाही. शेवटी कुणालाही उभं करून विचारतात. एक चुकलं की दिवसभर बेडपॅन, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उभ्यानं जेवण. बिनीनं एकदा परत विचारलं, तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या की ही पोरगी कान चर्चमध्येच विसरून आली आहे. पेशंटसुद्धा हसले. तेव्हापासून बिनीला रोज ड्युटीआधी उलटी होते.

इथं नोकरी करायच्या बाँडचे सात महिने उरलेत. माझी मूळ सर्टिफिकिटं मेट्रनच्या कपाटात आहेत. ती हातात पडली की मी मस्कतला सुटले. तोवर दिवस ढकलायचे.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझी सिजी

पाला, ता. १५ जुलै १९९७

चि. सिजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसूच आलं. अगं, एलिक्कुट्टी माझ्या हाताखालची! एकोणीस वर्षांची आली होती, वेणीला पांढरी रिबीन, हाक मारली तरी दचकायची. पेन काढायची रीत माझीच. कागदावर उतरलं की डोक्यातून उतरतं, असं मी म्हणायची. रोज बाथरूममध्ये जाऊन रडायची बिचारी, पण तिसऱ्या महिन्यात चाळीस पेशंट घडाघडा म्हणायला लागली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आम्ही सोसले, तिनं सोसले, आता तुमची पाळी. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

सात महिने ते काय? बिनीला सांग, पेशंटच्या नावाला त्याचं गाव जोडून लक्षात ठेव, आणि उपाशी पोटी ड्युटीला जाऊ नको. तू माझी भाची आहेस हे मात्र एलिक्कुट्टीला कळू देऊ नकोस, उगीच वशिला वाटेल.

माझे गुडघे कुरकुरतात, काठी घेतली आहे. तुझ्या आईला परसातला कप्पा कंद उकडून खायला पाठवला आहे.

पत्र पाठवत जा, म्हातारी वाट बघते.
तुझी पेरम्मा

एर्नाकुलम, ता. २ ऑगस्ट १९९७

ती. पेरम्मास,
सा. न.

आमच्याकडे एक माणूस गेला. नऊ नंबरचे इट्टूप चेट्टन. होडी चालवायचे, आम्हा मुलींना पेपरमिंट द्यायचे. गुरुवारी तपासणीसाठी त्यांना उपाशी ठेवायचं होतं, म्हणून सकाळचं इन्सुलिन द्यायचं नव्हतं. डॉक्टरांनी ते एलिक्कुट्टी सिस्टरना तोंडी सांगितलं होतं. कागदावर चढवायचं काम सिस्टरचं, ते राहिलं. रिपोर्टच्या वेळी त्या पाठमोऱ्या बोलत होत्या आणि दुधाची ट्रॉली खडखडत चालली होती. नऊ नंबरचं काय, म्हणून बिनीनं हळूच विचारलं. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. मी बिनीच्या मागेच होते. मलाही ऐकू आलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

साडेसातला बिनीनं इंजेक्शन दिलं. पोटात अन्न नाही, रक्तातली साखर उतरत गेली. सगळ्यांना वाटलं झोपलेत. अकराला मी हलवलं तर उठेनात. काल दुपारी गेले.

आता सिस्टर म्हणतात की त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. कागदावरही आता त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. बिनीला त्याच संध्याकाळी हॉस्टेलातून काढलं. तिचे वडील न्यायला आले, तिची ट्रंक उचलून पुढे चालायला लागले. तिचं नाव कौन्सिलच्या यादीतून काढायला लिहिणार आहेत. म्हणजे ती पुन्हा कुठंच नर्स होणार नाही.

सोमवारी, अकरा तारखेला मेट्रनपुढे चौकशी आहे, आणि मला बोलावलं आहे. काल सिस्टरनी मला बसवून स्वतःच्या डब्यातला तळलेला मासा वाढला. या वॉर्डात पहिल्यांदा मी बसून जेवले. मग म्हणाल्या की सात महिन्यांचाच प्रश्न आहे, सर्टिफिकिटं मोलाची असतात, विचार कर. आणि ही रीत थ्रेस्या सिस्टरनी शिकवलेली आहे, तिच्यात खोट असणार नाही.

मासा घशाखाली उतरला, पेरम्मा, याचीच मला शरम वाटते. काय करू ते लगेच लिही.

तुझी सिजी

पाला, ता. ६ ऑगस्ट १९९७

चि. सिजीस,
आशीर्वाद.

एलिक्कुट्टी रडायची असं मी लिहिलं. का रडायची ते लिहिलं नाही. एकदा ती एक नाव विसरली, तेव्हा मी तिला रिकामा बेडपॅन हातात देऊन वॉर्डाच्या दारात उभं केलं, भेटायची वेळ संपेपर्यंत. त्या दिवशी नेमकी तिची आई गावाहून आली होती. मला माहीत होतं. तरी उभं ठेवलं. खरं सांगते, मला मजा वाटली होती.

तू खरं बोल असं इथं खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. सर्टिफिकिटं तुझी अडकणार. म्हणून मीच येते. सोमवारी पहिल्या बसनं.

तुझी थ्रेस्या पेरम्मा

एर्नाकुलम, ता. १३ ऑगस्ट १९९७

ती. पेरम्मास,
सा. न. नीट पोचलीस ना? गुडघ्यांना तेल लाव.

बिनीचं नाव यादीतून काढणार नाहीत. पण तिला परत घेणारही नाहीत, आणि ती पुन्हा टोपी घालणार नाही म्हणते. एलिक्कुट्टी सिस्टरना स्टोअरमध्ये बसवलं आहे. माझ्या सर्टिफिकिटांचं बाँड संपल्यावर बघू, असं मेट्रन म्हणाल्या. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. इट्टूप चेट्टनची बायको डबा आणि चपला न्यायला आली होती. तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. उद्या सुट्टी घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे.

बस चुकेल म्हणून तू लगेच निघालीस, आणि आत काय बोलणं झालं ते तुला ऐकूही आलं नाही. तुझा तो हक्क आहे म्हणून लिहिते.

तू काठी टेकत आत आलीस तशा सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पेन काढून टेबलावर ठेवलं ते तू पाहिलंस. तुला वाटलं, सही करून झाली असेल. सही नव्हती ती. पेन त्यांनी तुझ्यापुढे ठेवलं आणि हात मागे बांधले, रिपोर्टच्या वेळी आम्ही बांधतो तसे. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. मग म्हणाल्या की पाठ आहे सिस्टर, सगळं पाठ आहे. आणि त्या गुरुवारचा रिपोर्ट एक नंबरपासून म्हणायला लागल्या, इतक्या भरभर की मेट्रननी मध्येच थांबवून विचारलं, नऊ नंबरचं काय म्हणालात, ऐकू आलं नाही.

सिस्टर म्हणाल्या की इथं एकदाच सांगायची पद्धत आहे. म्हणताना त्या तुझ्याकडे बघत होत्या, विचारल्यासारख्या. आणि तुला काहीच ऐकू आलेलं नसल्यामुळे तू मान हलवून हो म्हणालीस.

मग मी बोलले.

माया कमी करू नकोस, मीही करणार नाही.
तुझी सिजी