पान अकरावरची चौकट

रविवार, ७ मार्च

प्रिय दादा,

"एकदा तुझ्या हातात पेन्सिल आली, की दुसऱ्याचं धुणं आपल्या घरातून कायमचं गेलं म्हणून समज." हे तू म्हणालास तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू सतरा. आई चार घरचं धुणं आटोपून आली होती आणि बोटं वाळवत दारात बसली होती. तू स्वतःची कंपासपेटी माझ्या हातात ठेवलीस आणि हे वाक्य बोललास, तेही माझ्याकडे नाही, आईकडे बघून. तुला आठवत नसेल. मला गेली चार वर्षं रोज आठवतं. का, ते पुढे येईलच. आधी इकडची ख्यालीखुशाली.

मी बरी आहे. वहिनीने पाठवलेला स्वेटर खांद्यात थोडा घट्ट होतो, पण तिला सांगू नकोस, मी रोज घालते. घरमालकीणबाईंनी जिन्यात नवा दिवा लावला आणि तो लागल्यापासून रोज मला त्याचं कौतुक करायला लावतात. भाचीचं गणित सुधारलं हे वाचून बरं वाटलं. तुझ्यावर गेली म्हणायची, अगदीच काही वाया गेली नाही.

तुझा रोजगार-गणनेचा अहवाल तीन महिन्यांपूर्वीच मिळाला होता. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर तुझं नाव. मी ते नाव बोटाने चाचपून पाहिलं. शंभरातले फक्त चार बेकार, आणि कामावर असलेल्यांत चांगल्या, शिकलेल्या लोकांच्या नोकऱ्यांचा वाटा वाढलेला. सोबतच्या पत्रात तू लिहिलंस, की पान अकरावरच्या चौकटीतला आकडा तुमच्या तपासनिसाला खरा वाटेना इतका चांगला वाटला होता. एका हॉस्पिटलात दहातले आठ कामगार व्यावसायिक पदांवर कसे असतील, म्हणाला. त्यावर तू त्याला म्हणालास, "माझी सख्खी बहीण त्या हॉस्पिटलात आरेखक आहे. नकाशे काढते. आकडा बरोबर आहे, छापा."

ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि पत्र स्वेटरच्या खिशात घालून कामावर गेले.

दादा, मी तुला कधी खोटं लिहिलं नाही. जुनी पत्रं काढून बघ. "हॉस्पिटलात लागले" असं लिहिलं, "काम अंगमेहनतीचं आहे पण माणसं चांगली आहेत" असं लिहिलं. तू "इमारतीचं काम कुठवर आलं" विचारायचास, तेव्हा मी हवापाण्यावर जायचे. आर्किटेक्टचं ऑफिस बंद पडल्यावर सात महिने मी दारं ठोठावली. मग हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जागा होती ती घेतली. तळघरात. चार वर्षं मी वॉर्डातल्या चादरी धुतेय.

हे एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. लिहिल्यावर बघते तर छोटंसंच आहे.

आईला ठाऊक आहे. मी सांगितलं नाही. गेल्या खेपेला तुमच्याकडे आले होते, तेव्हा तिने माझे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, आणि तू आत चहा ओतत असताना हळूच म्हणाली, "सोड्याचं पाणी कोमट घेत जा. कढत घेतलंस की भेगा पडतात." बास. त्यानंतर तिने विषय काढला नाही, तुझ्यासमोर तर मुळीच नाही.

आता ती चौकट कशी झाली ते सांगते, कारण ती आम्हीच केली.

आमच्या लॉन्ड्रीत आम्ही एकतीस बायका. मुकादम आम्हाला मशीनच्या नंबराने हाक मारतो. मी सात नंबर. माझ्या आधी जी सात नंबर होती तिच्याही नावाने त्याने मला कधी चुकूनसुद्धा हाक मारली नाही, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. पण आमची आपापसातली पद्धत वेगळी. नवी बाई आली की सगळ्यात जुनी, मास्तरीणबाई, तिला एकच प्रश्न विचारते, "तू शिकलीस काय?" जे उत्तर येईल ते तिचं नाव. मास्तरीणबाई स्वतः बारा वर्षं शाळेत शिकवत होती. औषधवालीने औषधशास्त्राची पदवी घेतलीय. एक हिशेबनीस आहे, एक दातवाली आहे, एक शेतकी पदवीवाली आहे, तिला आम्ही खतबाई म्हणतो आणि ती रागावत नाही. मी नकाशेवाली. पहिल्या दिवशी वाफेच्या ढगातून कुणीतरी ओरडलं, "ए नकाशेवाली, ती ट्रॉली इकडे ढकल," तेव्हा मी कपाटामागे जाऊन रडून घेतलं होतं. मला वाटलं होतं ते नाव मी वरती, रस्त्यावरच सोडून आले.

मागच्या वर्षी तुमच्या खात्याची गणना करणारी मुलगी आली. जेवणाची सुट्टी होती. बिचारी पायऱ्यांवर बसली, फॉर्म मांडीवर.

"गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का?"

खतबाई म्हणाली, "एक तास? अगं, एक तास तर आमचा घाम पुसण्यात जातो."

"तसं नाही, नियम आहे. एक तास केलं तरी कामावर धरतात."

"मग आम्हाला आठ-आठ वेळा धर."

ती हसली. मग म्हणाली, "प्रत्येकीचा व्यवसाय सांगा." आणि आम्ही, दादा, सवयीने, घास तोंडात असताना, एकमेकींकडे बोटं दाखवत सुटलो. ही औषधवाली. ही हिशेबनीस. ती कोपऱ्यातली नकाशेवाली. त्या मुलीने भाबडेपणाने तुमच्या यादीतले शब्द शोधून शोधून लिहिले, औषधनिर्माता, लेखापाल, आरेखक. कामाचं ठिकाण, हॉस्पिटल. हॉस्पिटलात औषधनिर्माता असणारच, कुणाला शंका यायची? फक्त मास्तरीणबाईपाशी ती अडली. हॉस्पिटलात शिक्षिका कशी? शेवटी "प्रशिक्षक" लिहिलं. फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आमची खरी नावं कागदावर लिहीत होतं, आणि आम्ही खूश होतो.

तुझा अहवाल मिळाला त्याच दिवशी त्याची फोटोकॉपी आमच्यासमोरही आली. आम्ही लॉन्ड्री चालवणाऱ्या कंत्राटदाराकडे पगारवाढ आणि कायम हजेरीपट मागितला, तर त्याच्या मॅनेजरने पान अकरा काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "सरकारी कागद आहे. या हॉस्पिटलात दहातल्या आठांना चांगल्या नोकऱ्या आहेत. तुम्हाला इथे परवडत नसेल तर त्या नोकऱ्या करा."

आम्ही बाहेर आलो. मग हिशेबनीस म्हणाली, "त्या आठांत आपल्यालाच धरलंय गं." एकतीस बायका आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मास्तरीणबाई पहिल्यांदा हसली, आणि मग कुणालाच आवरेना. मीही हसले, पण माझ्या खिशात तुझं पत्र होतं. त्या बायकांना वाटत होतं आकडा चुकून छापला गेला. तो माझ्या जिवावर छापला गेला होता, हे मला एकटीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं. औषधवाली म्हणाली, "मग आता तूच निस्तर. नकाशेवाली ना तू? काढ नकाशा."

मी काढला. रद्द झालेली एक मोठी चादर घेतली. चादरींवर वॉर्डाचा नंबर घालायला आमच्याकडे काळी शाई असते, कितीही उकळा, जात नाही. त्या शाईने मी अख्ख्या लॉन्ड्रीचा आराखडा काढला, मापात, प्रमाणात. मशीनं, वाफेचे नळ, दारं. प्रत्येक बाई जिथे उभी राहते तिथे एक वर्तुळ, आणि वर्तुळात दोन ओळी. वरची, काय शिकली. खालची, काय करते. "औषधशास्त्र, पदवी. चादरींच्या घड्या." "दंतचिकित्सा साहाय्यक. मळकी गाठोडी सोडणे." सगळ्या बायका माझ्या खांद्यावरून बघत होत्या. चार वर्षांनी पहिली सरळ रेघ मारली तेव्हा ती वाकडी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही रे.

आणि काढता काढता मला दिसलं, की मळक्या चादरींची ट्रॉली आणि धुतलेल्या चादरींची ट्रॉली एकाच दारातून जातात. रोज ढकलत होते, कागदावर आल्यावर कळलं. तेही मी बाणांनी दाखवलं.

हॉस्पिटलच्या अधीक्षक डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आम्ही ती चादर टेबलक्लॉथसारखी पसरली. मॅनेजर शेजारीच बसला होता, त्याचा चहा उचलावा लागला. बाई चष्मा लावून वाकल्या आणि वर्तुळामागून वर्तुळ वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या.

"ही औषधशास्त्राची पदवीधर माझ्या तळघरात घड्या घालतेय? आणि मी वर औषधभांडारासाठी माणूस मिळत नाही म्हणून जाहिराती देतेय?"

"तुम्ही कधी खाली आलाच नाहीत, बाई," मास्तरीणबाई म्हणाली. उद्धटपणे नाही, गैरहजर मुलीला सांगावं तसं.

मग बाई खाली आल्या. दारापाशी उभं राहून त्यांनी दोन्ही ट्रॉल्या एकमेकींना घासून जाताना पाहिल्या.

दादा, आम्ही जिंकलो. कंत्राट संपलं, लॉन्ड्री हॉस्पिटलने स्वतःकडे घेतली. एकतीसही जणी कायम हजेरीपटावर, पूर्ण नावानिशी. औषधवाली वर गेली, हिशेबनीस गेली, दातवाली गेली. मास्तरीणबाईला वर काही मिळालं नाही, हॉस्पिटलला शिक्षिका लागत नाही. ती म्हणते, "मी इथेच बरी. आता मुकादम मला नावाने हाक मारताना अडखळतो, ते ऐकायला रोज येईन." आणि उद्या सोमवारपासून मी बांधकाम विभागात आरेखक. पहिलं काम, लॉन्ड्रीला दुसरं दार.

तुझी कंपासपेटी उशाशी काढून ठेवलीय. बिजागरी गंजलीय, पण टोकं अजून तीक्ष्ण आहेत.

आता तू म्हणशील, झालं तर मग. माझी बहीण खरोखरच आरेखक आहे, आकडा खरा ठरला, विषय संपला. मला तेच नकोय. गणनेच्या दिवशी मी चादरी धूत होते. तू विचारलंस किती जण कामावर आहेत, आणि ते बरोबर मोजलंस. कुठल्या कामावर, ते आम्ही सांगितलं नाही आणि तुम्ही खाली येऊन पाहिलं नाहीत. या शहरात अजून किती तळघरं असतील, मला ठाऊक नाही. तुलाही नाही. चौकट मात्र सांगते की तुला ठाऊक आहे.

मला धुण्याची लाज वाटत नाही आता. आईलाही कधी वाटली नव्हती. आपण दोघांनीच ती तिच्या वाट्याची बाळगली. लाज वाटते ती तू माझ्या भरवशावर सही केलीस याची.

म्हणून एक मागते. पुढच्या महिन्यात तुझी बढती आहे हे वहिनीने लिहिलंय, म्हणजे याहून वाईट वेळ नाही, हेही कळतं. तू नाही म्हणशील. आधी रागावशील, मग नियम सांगशील. तरी मागते. पान अकरावरची चौकट मागे घे. तिच्या जागी, तुझ्या सहीने, छाप की हा आकडा चुकला, आणि त्याखाली लिही की चूक माझ्या बहिणीमुळे झाली, ती तेव्हा लॉन्ड्रीत कामाला होती.

तुझी छोटी,
सात नंबर मशीन, गणनेच्या दिवशी